अपडेट आपोआप चालू ठेवायचं की हातानं करायचं? (घरचा डेस्कटॉप, विंडोज १०, आप्पांच्या पत्रिका)

शहापूरचा_पोरगा | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. विषय साधाच आहे पण आमच्या घरात चार दिवस झाले त्यावरनं वादावादी चालूलीय म्हणून इथं विचारूलोय. घरी एक डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय-फाईव्ह, सेकंडहँड घेतलेला, ८ जीबी रॅम, जुनी गरगर करणारी हार्डडिस्क, विंडोज १०. दिवसभर त्याच्यावर आप्पा (माझे वडील, वय ६८) लग्नपत्रिका करतात, मराठी कन्नड दोन्ही, त्या जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर, ज्याला मागं यूएसबीचा लॉक लावून ठेवावा लागतो, लॉक काढला की सॉफ्टवेअर उघडतच नाही. संध्याकाळी माझी मुलगी अभ्यासाच्या नावाखाली कायतरी बघत बसते.

परवा मी सहज सेटिंगमध्ये जाऊन अपडेटची हिस्टरी बघितलो तर शेवटचं अपडेट ऑगस्ट २०२० चं! व्हर्जन १९०९. मला वाटलं काहीतरी बिघडलंय, तर आप्पा म्हणाले बिघडलं नाही, मीच बंद करून घेतलंय दुकानवाल्याकडनं. कारण काय तर एकदा ऐन सीझनमध्ये गिऱ्हाईक शेजारी खुर्चीवर बसलेलं, प्रूफ बघायला आलेलं, आणि निळा पडदा येऊन टिपक्यांचा गोल फिरायला लागला, पावणेदोन तास. गिऱ्हाईक चहा पिऊन उठून गेलं ते दुसरीकडनंच पत्रिका छापून घेतलं. "माझ्या पाचशे पत्रिका गेल्या त्या गोलात" असं अजून सांगतात, येईल त्या पाहुण्याला सांगतात.

आता तुळशीचं लग्न झालं, म्हणजे आप्पांचा सीझन चालू. त्यांचं म्हणणं मशीन चाललंय ना, मग सुम्म राहा की. माझं म्हणणं, मी त्याच मशीनवरनं बँकेचं करूलोय, एलआयसी भरूलोय, पाच वर्षं दार उघडं टाकून झोपल्यासारखं आहे हे. तर प्रश्न असा की ऑटोमॅटिक चालू करून टाकू, की बंदच ठेवून महिन्यातनं एकदा हातानं करू? आणि फॉन्ट जातील काय? लॉक चालेल काय नंतर? लॉक गेला तर मला घरात जेवण मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

निपाणीचा_आबा | सोमवार, रात्री ११:०५

आप्पा बरोबर हायत. चालत्या गाडीचं चाक काढून बघायचं न्हाई. आमच्या वखारीत तंबाखूच्या हिशोबाला एक मशीन हाय, विंडोज ७, घेतल्यापासनं एकबी अपडेट न्हाई, रोज सकाळी चालू रोज सांच्याला बंद, काय बी होत न्हाई त्याला. आणि घरातलं पोराचं नवं मशीन, अपडेट आपोआप, त्याला दर चार दिवसानं काय तरी पायजेच असतंय. आज हे बटण इकडं, उद्या ते तिकडं. माणसानं काम करायचं का बटणं हुडकायची? माझं मत, हातानं. गरज लागली तर करायचं, न्हाई लागली तर न्हाई.

खानापूरची_लेक | मंगळवार, सकाळी ८:२०

शहापूरचे दादा, मी पुण्यात एका ऑफिसात लोकांचे कॉम्प्युटरच सांभाळते, गाव जांबोटीकडचं, त्यामुळं लाईट आणि नेट या दोन्हीचं दुखणं मला माहीत आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

"मॅन्युअल ठेवलंय" म्हणणाऱ्याला विचारा, शेवटचं कधी केलंस? तो छताकडं बघतो. म्हणजे ते मॅन्युअल नसतं, ते बंदच असतं. तुमच्या घरचं तसंच झालंय. १९०९ या व्हर्जनला होम एडिशनवर ११ मे २०२१ पर्यंतच अपडेट होती, आणि आता तर घरच्या सगळ्याच विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळं तुमचा प्रश्न खरं तर दोन पावलं पुढचा आहे, आधी मशीन रांगेत आणायला लागेल.

आबा, वखारीतल्या मशीनला नेट आहे का? नसेल तर तुमचं म्हणणं मी अर्धं मान्य करते, नेट नसलेल्या हिशोबाच्या मशीनला फारसा धोका पेनड्राईव्हचाच. पण दादांच्या मशीनवर बँक आहे. २०१७ चा वॉनाक्राय आठवत असेल, फाईलींना कुलूप घालून पैसे मागणारा व्हायरस. विंडोजमधल्या ज्या भोकातनं तो शिरला त्याचं ठिगळ १४ मार्चला आलेलं होतं, हल्ला झाला १२ मेला. मधे ५९ दिवस. दोन लाखांवर मशीन, दीडशेच्या आसपास देश, इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांत ऑपरेशनं पुढं ढकलली. आणि कुणी चुकीच्या मेलवर क्लिक केलं असंही नाही, तो नेटवर्कवरनं एका मशीनमधनं दुसऱ्यात आपला आपण जात होता. लोकांना वाटतं अपडेट आलं नाही तर काय, होतं तिथंच राहीन. तसं नसतं, ठिगळ बाहेर पडलं की चोर आधी ते ठिगळ उलगडून बघतात की भोक नेमकं कुठं होतं, आणि ज्यांनी लावलं नाही त्यांच्या मागं लागतात. म्हणजे प्रत्येक अपडेटनंतर तुमचं मशीन आहे तिथं न राहता जरा जास्तच उघडं पडतं.

आता "अपडेट" या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात हे आप्पांना सांगा. दर महिन्याचं सिक्युरिटीचं, ते छोटं, ते आपोआपच असावं. वर्षाकाठी येणारं मोठं व्हर्जन, जसं १९०९ वरनं २२एच२ (विंडोज १० चं शेवटचं व्हर्जन), ते आपण दिवस बघून करावं. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी जोडलेली वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर, प्रिंटर चाललाय तोवर त्याला कशाला हात लावायचा. आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मशीन उठवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या तर वाटेलाच जाऊ नये कारण ते चालू असताना लाईट गेली तर मदरबोर्डच उठत नाही कधी कधी. तुम्ही या चारींना एकाच दावणीला बांधताय म्हणून भांडण होतंय.

पेंग्विन_अनगोळ | मंगळवार, सकाळी ९:०२

कुणीतरी म्हणायलाच पाहिजे म्हणून म्हणतो. लिनक्स टाका, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम. त्यातलं मिंट टाका. अपडेट मॅनेजर खाली कोपऱ्यात ढालीसारखा बसून असतो, अपडेट आलं की टिंब दाखवतो, तुम्ही म्हणाल तेव्हाच करतो, अर्ध्या कामात रिस्टार्ट मारत नाही. आधी टाईमशिफ्टनं सिस्टिमचा फोटो काढून ठेवायचा, बिघडलं की मागं यायचं. उबुंटू (ते पण लिनक्सच) तर सिक्युरिटीची अपडेट आपली आपण रोज टाकतो, पत्ता पण लागत नाही. चौथ्या जनरेशनचा आय-फाईव्ह मिंटवर पळेल. विंडोज ११ त्यावर रीतसर बसणारच नाही, त्याला आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते.

शहापूरचा_पोरगा | मंगळवार, सकाळी ९:३०

पेंग्विन, तुझं सगळं खरं असेल पण ते फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि तो लॉक लिनक्सवर चालणार नाही हे मला पण कळतंय. आप्पांना मी कॉपी पेस्टचं उजवं बटण शिकवायला दोन वर्षं घेतलो. त्यांना मिंट म्हणजे पेपरमिंटची गोळी.

लेक ताई, धन्यवाद, चार प्रकारचं ते आप्पांना वाचून दाखवलो. म्हणाले "बाई शहाणी आहे, पण तिचं गिऱ्हाईक उठून गेलं नाही कधी."

मास्तर_हिंडलगा | मंगळवार, दुपारी ४:१५

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. तांत्रिक ज्ञान बेताचे, पण एक अनुभव सांगावासा वाटतो कारण त्याची बाजू कुणी मांडली नाही.

माझ्याकडे आत्ताआत्तापर्यंत विंडोज ७ होते. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, हे मला मुलाने सांगितले होते, मी मनावर घेतले नाही. पुढे २०२३ पासून क्रोमही त्यावर नवे येईनासे झाले, १०९ क्रमांकावर गाडी थांबली. मग काही संकेतस्थळे उघडेनात, काही अर्धवट उघडत. अशात एके दिवशी एका बातमीच्या पानावर मोठा चौकोन आला, "आपला ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करण्यासाठी येथे दाबा". आता माझा ब्राउझर जुना झालेला होताच. त्यामुळे मला ते खरे वाटले आणि मी दाबले. जे उतरले ते अपडेट नव्हते. पुढे पडद्यावर एक फोन नंबर आला, भोंगा वाजू लागला, आणि मी त्या नंबरला फोन लावण्याच्या बेतात असताना सौ.ने मशीनची पिनच काढली. पैसे गेले नाहीत, पण सगळे पुसून नव्याने टाकावे लागले आणि नातवाचे बारशाचे फोटो गेले ते गेले.

सांगायचे इतकेच की, ज्याचे अपडेट आपोआप होते त्याला कुठलेही पान "अपडेट करा" म्हणाले तर तो निर्धास्तपणे बंद करू शकतो. जो हाताने करतो त्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते की हे खरे की खोटे. माझ्या वयाच्या माणसाने रोज असे ठरवत बसू नये असे मला वाटते. (पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करावा, हेही मला नंतर कळले.)

निपाणीचा_आबा | मंगळवार, रात्री ९:५०

मास्तर तुमचं वाईट वाटलं. पण मग मला एक सांगा, जुलै २०२४ मधी काय झालं? १९ तारखेला, शुक्रवारी, जगातली इमानं बंद पडली, आपल्याकडं पण हातानं लिवून बोर्डिंग पास दिले, पेपरात फोटो आलते. ते कशानं? आपोआप आलेल्या अपडेटनं! म्हणजे चोराची गरजच न्हाई, घरचाच राखणदार डोक्यात दगड घालतोय.

खानापूरची_लेक | मंगळवार, रात्री ११:१०

आबा, मुद्दा चांगला काढलात. ते क्राउडस्ट्राईकचं. मोठ्या कंपन्या स्वतंत्र विकत घेतात ते सुरक्षेचं सॉफ्टवेअर आहे, घरच्या मशीनवर नसतं. आपल्या घड्याळानं सकाळी ९:३९ ला चुकीची फाईल सुटली, ती १०:५७ ला मागं घेतली, तेवढ्यात साधारण ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. आमच्या ऑफिसात ते नव्हतं, आम्ही दिवसभर चहा पीत दुसऱ्यांचे फोन ऐकले. पण तिथं ऑटोमॅटिक की मॅन्युअल असा प्रश्नच नव्हता, कारण विंडोज अपडेट बंद ठेवलेल्यांची मशीनं पण पडली. ती फाईल वेगळ्याच दारानं येत होती.

उलट तुमच्या बाजूचं म्हणून जे सांगतात ते नीट बघितलं तर फिरतं. ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट, १८०९. त्यानं काही लोकांच्या डॉक्युमेंटमधल्या फाईली पुसल्या, खरंच पुसल्या. २ तारखेला सुटलं, चार दिवसात थांबवलं, नोव्हेंबरात दुरुस्त करून परत सोडलं. पण ते पहिल्या चार दिवसात मिळालं कुणाला? तर जे स्वतः सेटिंगमध्ये जाऊन "चेक फॉर अपडेट्स" दाबत होते त्यांना. गप बसलेल्यांच्या रांगेत ते अजून पोचलंच नव्हतं. म्हणजे हातानं करणाराच त्या खड्ड्यात पडला. त्यामुळं ते बटण रिकामटेकडेपणी दाबत बसू नका, आणि महिन्याच्या शेवटी "प्रिव्ह्यू" लिहिलेलं ऐच्छिक अपडेट येतं ते घरच्या मशीनवर कधीच घेऊ नका.

आप्पांच्या त्या पावणेदोन तासांबद्दल. मला राहून राहून वाटतंय की ते अपडेट एका दिवसाचं नव्हतं. आप्पा रोज "नंतर, नंतर" म्हणत असणार, शेवटी साठलेलं सगळं एकदम आलं, आणि गरगर हार्डडिस्क. एसएसडी (न गरगरणारी, वेगवान डिस्क) टाकली तर वीस मिनिटांवर येईल ते. आणि त्याला वेळ ठरवून देता येते. ॲक्टिव्ह अवर्स म्हणून आहे, त्यात १८ तासांपर्यंत सांगता येतं की या वेळात आपला आपण रिस्टार्ट मारायचा नाही. शिवाय पॉज आहे, ३५ दिवसांपर्यंत. ऐन वैशाखात गर्दी आहे, करा पॉज. पण ३५ दिवस झाले की आधी अपडेट घेतल्याशिवाय परत पॉज मिळत नाही, आणि मला वाटतं ते बरंच आहे.

चिकोडीची_वैनी | बुधवार, दुपारी १:३०

जेवायच्या सुट्टीत वाचूलोय सगळं, मजा येतीय. माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, तीन मशीन, त्यामुळं पुस्तकातलं नाही, भोगलेलं सांगते.

एक. लाईट. यूपीएस ६०० व्हीएचा, बॅटरी जुनी, कागदावर वीस मिनिटं पण खरं बघाल तर पाच. आमच्याकडं सिंगल फेज कधी जाईल नेम नाही. पण अपडेट डाऊनलोड होताना लाईट गेली तर काही होत नाही, राहिलं तिथनं परत सुरू. पडद्यावर टक्के येऊलेत आणि तेव्हा गेली, तर बहुतेक वेळा पुढच्या वेळी चालू करताना "बदल मागं घेतोय" असं म्हणतं आणि जुन्यावर येतं. माझं दोनदा झालं, दोन्ही वेळा मशीन उठलं. फक्त तेव्हा घाबरून परत परत बटण दाबायचं नाही. मी त्याच्या आधी एकदा दाबले होते, तेव्हा खरंच बिघडलं.

दोन. प्रिंटर. सप्टेंबर २०२१ मध्ये एक अपडेट आलं, त्यानं एका मशीनला लावलेला प्रिंटर दुसऱ्या मशीनवरनं चालेना, एररचा नंबर ११बी, तो नंबर मी मेले तरी विसरणार नाही. बऱ्याच ठिकाणी झालं होतं ते. मी काय केले, ते अपडेट काढून टाकले. प्रिंटर लागला! आणि मग अपडेट पॉज करून ठेवले, मग पॉज संपला की परत काढले, असं सहा महिने चाललं. खरा उपाय होता प्रत्येक मशीनवर प्रिंटर नव्यानं जोडायचा, तो अर्ध्या तासाचा होता. सहा महिने मी अर्धा तास वाचवूलो होतो.

तीन, आणि हे शहापूरच्या भावजींसाठी. तो यूएसबी लॉक मोठं व्हर्जन टाकायच्या आधी काढून ठेवा. सगळं झालं की आधी लॉकचा ड्रायव्हर परत टाका, मगच लॉक लावा, आणि पुढच्या पोर्टला नको, मागच्या. फॉन्ट कुठं जात नाहीत, पण तरी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरची कॉपी पेनड्राईव्हवर घेऊन ठेवा, मनाला बरं वाटतं.

पेंग्विन_अनगोळ | बुधवार, दुपारी २:००

वैनी, तुमच्या तिन्ही मशीनवर विनरार, ते झिप फाईली उघडायचं सॉफ्टवेअर, आहे की नाही? कुठलं व्हर्जन?

चिकोडीची_वैनी | बुधवार, दुपारी २:१२

आहे की. थांबा बघते. ५.४० दाखवूलंय. का?

पेंग्विन_अनगोळ | बुधवार, दुपारी २:१५

का म्हणजे! विनरार आपला आपण अपडेट होत नाही, कधीच नाही, ती ४० दिवसांची ट्रायल मात्र जन्मभर चालते. २०१९ मध्ये एक भोक सापडलं ते १९ वर्षं तसंच होतं, ते ५.७० ला बुजवलं. २०२३ मध्ये आणखी एक, ६.२३ ला बुजवलं. २०२५ च्या जुलैत अजून एक, ते ७.१३ ला. तुमच्याकडं तिन्ही उघडी आहेत, आणि दिवसभर अनोळखी माणसांच्या पेनड्राईव्हमधल्या झिप फाईली उघडता तुम्ही. विंडोज अपडेट केलं म्हणजे सगळं झालं असं वाटणाऱ्यांसाठी हे लिहूलोय. जे आपोआप होत नाही तेच नेमकं विसरतं.

चिकोडीची_वैनी | बुधवार, दुपारी २:१६

अय्यो. टाकूलोय लगेच.

धागापाल | बुधवार, सायंकाळी ६:४०

दोन प्रतिसाद उडवले आहेत. विंडोजमध्ये गावाचं नाव बेळगाव दिसतं की बेळगावी यावर वेगळा धागा आहे, तिकडं जा. इथं अपडेट.

शहापूरचा_पोरगा | रविवार, सकाळी ११:२०

केलो एकदाचं. शनिवारी रात्रीचं महाभारत सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल.

आप्पांना तयार केलो ते वैनींच्या पेनड्राईव्हच्या मुद्द्यावर. फॉन्टची कॉपी घेतो म्हणल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. पण एका पेनड्राईव्हवर भागलं नाही, दोन घ्यायला लावले, एक देव्हाऱ्यात ठेवलाय, खोटं नाही सांगत. आठ वर्षांच्या पत्रिकांच्या फाईली पण घेतल्या, त्यातली नावं वाचत वाचत एक तास गेला, "ह्या पोरीला आता दोन पोरं आहेत" वगैरे.

मग सर्व्हिसेसमध्ये गेलो तर विंडोज अपडेट डिसेबल करून ठेवलेलं, शिवाय दुकानवाल्यानं ते परत चालू होऊ नये म्हणून एक ब्लॉकर पण टाकलेला. आधी तो काढलो. सी ड्राईव्हवर ६ जीबी मोकळी, तेवढ्यात व्हर्जन बसत नाही, मुलीच्या डाऊनलोडमध्ये एकच कार्टून चार वेळा उतरवलेलं होतं ते काढलो, रिसायकल बिन मोकळा केलो, २५ जीबी झाली. लॉक काढून आप्पांच्या हातात दिलो, त्यांनी तो खिशात ठेवला.

अपडेट असिस्टंट (मोठं व्हर्जन टाकायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) घेऊन साडेआठला सुरू. डाऊनलोड ४२ टक्क्यावर आणि लाईट गेली. यूपीएस कुंई कुंई. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडं बघितले. वैनींचं वाक्य आठवून नीट शटडाऊन केलो. वीस मिनिटांनी लाईट आली, परत लावलो, तर खरंच राहिलं तिथनं पुढं. साडेदहाला इन्स्टॉल चालू झालं, आणि मग ती हार्डडिस्क म्हणजे काय सांगू, आमच्या गल्लीत पूर्वी जे माग चालायचे ना तसला आवाज. तीन वेळा रिस्टार्ट. आई दोनदा उठून विचारून गेली की हे आजच का. पहाटे २:१० ला डेस्कटॉप दिसला. २२एच२.

आप्पा जागेच होते. खिशातनं लॉक काढून लगेच लावायला आले, त्यांना थांबवून आधी ड्रायव्हर टाकायचा तर त्याची सीडी, आणि मशीनला सीडी ड्राईव्ह नाही! सेकंडहँड घेताना काढूनच दिलेला. त्यावेळी मला घाम फुटला हे कबूल करतो. मग आप्पा शांतपणे म्हणाले "डी मध्ये 'जुनं जपून' नावाचं फोल्डर बघ". त्यात सेटअप होता, त्यांनी कधीतरी कुणाकडनं तरी कॉपी करून घेतलेला. टाकलो, मागच्या पोर्टला लॉक लावलो, लॉकमधला तांबडा दिवा लागला. अर्धवट राहिलेली एक पत्रिका उघडून बघितली, कन्नड पानातला एक पण जोडाक्षर हललेलं नव्हतं. मग झोपले.

आज सकाळी सपोर्ट संपल्यानंतरची सिक्युरिटी अपडेटची एक वर्षाची वाढीव मुदत घेतलो, सेटिंगमध्येच अपडेटच्या पानावर लिंक येते. पण ती यायला २२एच२ लागतं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. ३० डॉलर नाहीतर सेटिंगचा बॅकअप खात्यावर चालू करा, मग फुकट. बॅकअप चालू केलो, फुकट मिळालं. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आता.

निपाणीचा_आबा | रविवार, दुपारी १२:०५

मग ऑटोमॅटिक ठेवलासा का हातानं? मूळ प्रश्न राहिलाच की.

खानापूरची_लेक | रविवार, दुपारी १:००

वा दादा! 'जुनं जपून' फोल्डरला माझा नमस्कार सांगा. जुन्या व्हर्जनवर परत जायची सोय दहा दिवस असते, तोवर विंडोज डॉट ओल्ड हे जुन्या व्हर्जनचं फोल्डर पुसू नका, जागा खात असलं तरी.

एक विचारते, मशीन रात्री बंद करता ना? मग ॲक्टिव्ह अवर्स सकाळी ६ ते रात्री १२ ठेवलेत तर रिस्टार्टला उरलेली वेळ मध्यरात्र ते पहाट, आणि तेव्हा मशीन बंदच. घरच्या कॉम्प्युटरवर नेहमी इथंच अडकतं. डाऊनलोड आपोआप होतं, रिस्टार्ट साठत जातो, आणि एक दिवस गिऱ्हाईक समोर असताना परत तो गोल. महिन्यातनं एक रात्र ठरवून "अपडेट अँड शटडाऊन" दाबायला लागेल कुणीतरी. अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, २००३ पासनं तसंच आहे, अमेरिकेतली सकाळ म्हणजे आपली रात्रीची साडेदहा नाहीतर थंडीत साडेअकरा. मी तर आठवडाभर थांबून पुढच्या आठवड्यात करते, कुणाचं काय बिघडलं ते तोवर कळतं. आठवडा चालतो. पाच वर्षं नाही चालत.

शहापूरचा_पोरगा | रविवार, रात्री ९:४५

आबा, उत्तर असं की उतरवून घ्यायचं काम मशीनचं, ते आपोआप. बटण दाबायचं काम आप्पांचं. हे त्यांना पटलं, कारण बटण त्यांच्या हातात आहे.

संध्याकाळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या महिन्यांचा दुसरा बुधवार लाल पेननं गोल करून ठेवलो, अपडेट म्हणून. आप्पा चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ती बाई मंगळवार म्हणाली ना, दुसरा मंगळवार? मग तू दुसरा बुधवार कसा धरलास? म्हणलं मंगळवारी रात्री उशिरा येतं, म्हणजे आपल्याकडं बुधवारच. तर त्यांनी पानं मागं उलटून ऑक्टोबर काढून दाखवला. १ तारखेलाच बुधवार. दुसरा मंगळवार १४ ला, आणि त्याच्या पुढचा १५ चा बुधवार तिसरा होतो. दुसरा बुधवार ८ तारखेला, तेव्हा काहीच आलेलं नसणार. चाळीस वर्षं लग्नाच्या तारखा जुळवलेल्या माणसाला तारखेत फसवता येत नाही.

माझे गोल खोडून स्वतः नवीन काढूलेत आता, प्रत्येक महिन्याला दुसऱ्या मंगळवारनंतरचा आठवा दिवस. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, "रात्री, गिऱ्हाईक गेल्यावर".